पोलिश वेलिंग्टन, यॉर्कशायरचा डोंगर आणि कोल्ह्याचे ठसे (बकडन पाइक, १९४२)

रानवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ट्रेकमधल्या अपघातांच्या धाग्यावर मी ओझरतं म्हणालो होतो की इकडे यॉर्कशायरमध्ये एका डोंगरावर एक क्रूस आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोल्ह्याचं डोकं बसवलंय. त्यावर तीनचार जणांनी विचारलं की ही काय भानगड, तर घ्या, सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

डोंगराचं नाव बकडन पाइक. उंची ७०२ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशोबाने किरकोळच, पण उंचीवर जाऊ नका, हिवाळ्यात इथला वारा आणि धुकं माणसाला रडवतं. जानेवारी १९४२ च्या शेवटी इथे एक वेलिंग्टन बाँबर आदळलं, नंबर एन २८४८. आत सहा जण होते, सगळे पोलिश. पाच गेले, एक वाचला.

आता पोलिश लोक इंग्लंडात काय करत होते, तर सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टॅलिनने पूर्वेकडून पोलंड वाटून खाल्लं तेव्हा त्यांचे हजारो सैनिक आणि वैमानिक रुमानिया-हंगेरीमार्गे सटकले, फ्रान्सला पोचले, तिथे जरा बूड टेकतंय तोवर जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं, मग तिथनं इंग्लंड. ३०३ स्क्वाड्रनच्या (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी) फायटरवाल्यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पण पोलिश बाँबर स्क्वाड्रन्सही होत्या, ३००, ३०१, ३०४, ३०५. या चारही १९४० मध्ये ब्रॅमकोट नावाच्या तळावर उभ्या राहिल्या, वॉरिकशायरमध्ये नन्नीटनजवळ. पुढे त्याच ब्रॅमकोटला पोलिश क्रूंना तयार करणारं १८ नंबरचं ओटीयू होतं. ओटीयू म्हणजे ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट. पायलटला उडवता येतंय, नॅव्हिगेटरला नकाशा कळतोय, गनरला नेम धरता येतोय, पण सहा जणांनी मिळून एक मोठं विमान रात्रीबेरात्री, ढगाधुक्यात कसं न्यायचं आणि परत कसं आणायचं हे इथे शिकायचं. त्यासाठी लांब लांब क्रॉसकंट्री फेऱ्या मारायच्या. अशाच एका सरावाच्या फेरीत हे विमान बर्फाच्या वादळात सापडलं आणि माथ्याजवळ धडकलं.

शेपटीतला गनर, सार्जंट युझेफ फुस्निआक, शुद्धीवर आला तेव्हा शेपटीचा भाग तुटून वेगळा झाला होता. घोटा मोडलेला. बाकीच्यांपैकी सादोव्स्की जिवंत होता पण हलवण्यासारखा नव्हता. फुस्निआक मदत आणायला निघाला. कुठे आहोत पत्ता नाही, चार पावलांपलीकडचं दिसत नाही, पाय टेकवत नाही. तेवढ्यात ताज्या बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. त्याने विचार केला की असल्या हवेत कोल्हा हौसेने भटकणार नाही, खायला शोधत वस्तीकडेच जाणार. आणि तो त्या ठशांमागे सरपटत, घसरत खाली आला, थेट क्रे नावाच्या वाडीत. वाडी म्हणजे काय, दोनचार दगडी घरं आणि एक पब. तिथल्या पार्कर कुटुंबाने त्याला आत घेतलं.

पण वादळ इतकं होतं की वर कोणाला जाता येईना. माणसं पोचली तोपर्यंत सादोव्स्कीही गेला होता.

गेलेल्यांची नावं लिहितो, कारण हा प्रसंग सांगताना सगळे कोल्ह्याचं सांगतात आणि नावं राहून जातात: कुयावा, पोल्चिक, बिएगान्स्की, स्पिहावा, सादोव्स्की. पाचही जण नॉटिंगहॅमशायरमध्ये न्यूअर्कच्या दफनभूमीत आहेत.

फुस्निआकला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. १९७३ मध्ये त्याने त्या माथ्यावर क्रूस उभारला. चौथऱ्यात विमानाचे सापडलेले तुकडे बसवलेत आणि तिथेच ते कोल्ह्याचं डोकं. पाटीवर देवाचे, पार्कर कुटुंबाचे आणि स्थानिक लोकांचे आभार आहेत, पाच सहकाऱ्यांची आठवण आहे, ३१.१.१९४२ तारीख आहे, आणि खाली सही केल्यासारखं नुसतं 'वाचलेला' एवढंच. स्वतःचं नाव नाही.

मला हे सगळं लिहावंसं का वाटलं तर या पोरांनी जर्मनीवर एकही बाँब टाकला नव्हता, क्रू म्हणून अजून तयारच होत होते. ब्रिटिश बाँबर कमांडचे ५५,५७३ लोक युद्धात गेले, त्यातले आठ हजारांच्या वर शत्रूने मारलेले नाहीत, ट्रेनिंग आणि इतर अपघातांत गेलेत. आठ हजार! आपल्याकडे असोत नाहीतर तिकडे, लढाईत गेला की शूर आणि सरावात गेला की 'अरेरे, अपघात' असं आपण पटकन करून टाकतो. मला ते पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

खादाड_बोका

एका दमात वाचलं. पाटीवर स्वतःचं नाव न घालणं हे फार आवडलं. पुढच्या लिखाणाला शुभेच्छा.

निवृत्त_नॅव्ही

रानवाटा, छान लिहिलंत. मी हवाई दलात नॅव्हिगेटर म्हणून नोकरी केली, ट्रान्सपोर्टची विमानं, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो. या विशिष्ट विमानाचं नेमकं काय झालं यावर नाही बोलत, त्या काळात असे अपघात इतके का व्हायचे त्यावर बोलतो.

जानेवारी १९४२ मध्ये ओटीयूच्या नॅव्हिगेटरकडे काय होतं? कंपास, घड्याळ, नकाशा, पेन्सिल, आणि निघताना हवामानवाल्याने सांगितलेला वारा. याला डेड रेकनिंग म्हणतात. इतक्या वेगाने, या दिशेला, इतकी मिनिटं उडालो, वारा अमुक इतका ढकलतोय, म्हणजे आपण आता इथे असणार. 'असणार' हा शब्द महत्त्वाचा. सांगितलेला वारा चुकला, समजा ताशी वीस मैलांनी चुकला, तर दोन तासांत तुम्ही चाळीस मैल भलतीकडे. खाली जमीन दिसत असेल तर नदी, रेल्वे, गाव बघून सुधारता येतं. ढग असले की संपलं. गी नावाची रेडिओ यंत्रणा आली ती मार्च १९४२ पासून, तीही आधी लढाईतल्या स्क्वाड्रन्सना.

दुसरं, उंचीमापक. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्याची उंची करून दाखवतो. निघताना जमिनीवरचा दाब लावून घेतलात आणि वाटेत कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलात, तर एका मिलिबारला साधारण तीस फूट या हिशोबाने काटा खोटं बोलायला लागतो. वीस मिलिबार उतरला की काटा दाखवतोय तीन हजार फूट आणि तुम्ही प्रत्यक्षात चोवीसशेवर. बकडन पाइक किती? ७०२ मीटर म्हणजे तेवीसशे फुटांच्या थोडं वर. आणि बर्फाचं वादळ म्हणजे बहुतेक वेळा कमी दाबच, म्हणजे ज्या दिवशी काहीच दिसत नाही नेमका त्याच दिवशी काटाही तुमच्या विरुद्ध.

तिसरं, आयसिंग. पंखांवर बर्फ चढला की वजन वाढतं, पंखाचा आकार बिघडतो, विमान उंची धरत नाही. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला की इंजिन धापा टाकायला लागतं. मग पायलट म्हणतो खाली उतरू, गरम हवेत जाऊ, जमीन दिसली तर कळेल कुठे आहोत ते. ढगातून खाली उतरून बघू, या एका विचाराने त्या काळात किती क्रू डोंगरांत घातले त्याला गणती नाही. आणि विमानंही कसली, स्क्वाड्रनमध्ये वापरून वापरून खिळखिळी झालेली की ओटीयूकडे पाठवायची. शिकाऊ पोरं, थकलेली विमानं, इंग्लिश हिवाळा.

सायली_कु

काका, मग शेपटीतलाच माणूस कसा वाचला? नशीबच ना?

निवृत्त_नॅव्ही

नशीब आहेच, पण थोडं भौतिकशास्त्रही. नाक आधी आदळतं, मधला भाग त्याच्यावर चेपतो, शेपटी बऱ्याचदा तुटून बाजूला पडते. वेलिंग्टनचा सांगाडा बार्न्स वॉलिस नावाच्या इंजिनियरने केलेला, जिओडेटिक म्हणतात, अल्युमिनियमच्या तिरप्या पट्ट्या एकमेकींत अडकवून विणलेल्या टोपलीसारखा, वरून कापड ताणून लावलेलं. एक भाग फाटला तरी बाकीचा भार वाटून घेतो. पण लढाईत मात्र शेपटीतल्या गनरची जागा सगळ्यात वाईट, मागून येणारं फायटर पहिलं त्यालाच टिपणार, थंडीही सगळ्यात जास्त त्याला. ट्रेनिंगमध्ये उलटा न्याय झाला.

कडेपठार

धागा मस्त पण एक खटकलं. आम्ही डोंगरात पोरांना पहिला नियम शिकवतो की जखमी माणसाला एकटं सोडायचं नाही. फुस्निआक सादोव्स्कीला सोडून निघाला. त्याला दोष देत नाहीये, पण 'शौर्य' म्हणताना हे पण बघायला हवं ना? दोघं एकमेकांना चिकटून, पॅराशूटच्या कापडात गुंडाळून बसले असते तर कदाचित दोघंही वाचले असते. किंवा दोघंही गेले असते. माहीत नाही. पण प्रश्न पडतो.

रानवाटा

कडेपठार, प्रश्न रास्त आहे, मलाही पडला होता. पण तुमचा नियम तीन-चार जणांच्या ग्रुपसाठी आहे, एक जखमीजवळ थांबेल आणि दोघं खाली जातील. इथे दोनच जिवंत, एक हलू शकत नाही, दुसरा कसाबसा सरपटू शकतो. खाली कोणालाच माहीत नाही की वर विमान पडलंय. ब्रॅमकोटला कळणार ते विमान परत आलं नाही तेव्हा, आणि शोधायचं कुठे, वाटेतला अर्धा इंग्लंड? थांबून राहणं म्हणजे कोणीतरी येईल यावर दोघांचे जीव लावणं. जो हलू शकतो त्याने निघायचं, मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

डॉ_मुक्ता

कडेपठार, वैद्यकीय बाजूने सांगते. वारा, बर्फ, रक्तस्राव आणि हालचाल नाही, या चौघांनी मिळून शरीराचं तापमान फार भराभर उतरतं. मोडलेल्या घोट्यावर सरपटत का होईना, फुस्निआक हालचाल करत होता, स्नायू उष्णता तयार करत होते. जो पडून राहिला त्याच्याकडे तीही सोय नव्हती. शेजारी बसून ऊब दिल्याने थोडा वेळ मिळतो हे खरं, पण आतल्या जखमा काय होत्या ते कुणी पाहिलंय.

आणि एक महत्त्वाची गोष्ट तुम्हाला रेस्क्यूवाल्यांना आवडेल. त्या वेळी रॉयल एअर फोर्सकडे डोंगरातून माणसं काढायला धड व्यवस्थाच नव्हती. जवळच्या तळावरचे दवाखान्यातले मदतनीस, पोलीस, शेतकरी, मेंढपाळ, जे सापडेल ते जायचं, बूट आणि कोट घरचेच. वेल्समध्ये लँडरॉग नावाच्या तळावर जॉर्ज ग्रॅहॅम नावाचे डॉक्टर होते, फ्लाइट लेफ्टनंट, स्वतः गिर्यारोहक. स्नोडनियाच्या डोंगरांत सारखी विमानं पडायची आणि टक्कर झाल्यावर जिवंत असलेली पोरं वेळेत कोणी न पोचल्याने मरायची, हे बघून त्यांनी स्वतःच पथक बांधायला घेतलं, चांगली स्ट्रेचर, वायरलेस, कपडे, सगळ्यासाठी वरिष्ठांशी भांडले. १९४४ च्या सुरुवातीला आरएएफ माउंटन रेस्क्यू अधिकृतपणे उभी राहिली. म्हणजे सादोव्स्कीसाठी दोन वर्षं उशिरा.

कडेपठार

डॉक्टर, हे माहीत नव्हतं, वाचनखूण साठवली. आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्गवाली पोरं असोत किंवा महाबळेश्वरचे ट्रेकर्स, सगळं अजून स्वतःच्या खिशातनं आणि स्वतःच्या दोरांवरच चालू आहे, तो वेगळा धागा होईल. रानवाटा, तुमचं उत्तर पटलं. जो हलू शकतो त्याने निघायचं, ठीक.

तिरकस_तात्या

सगळे हळवे झालेत तर जरा गार पाणी ओततो. एक, कोल्ह्याची गोष्ट. कोल्हा वस्तीकडेच जातो हे कोणी ठरवलं? तो बिळाकडे जात असेल, दुसऱ्या कोल्ह्याला भेटायला जात असेल. योगायोगाने ठसे उताराला लागले, उतार ओढ्याला लागला, ओढा वाडीला लागला. नंतर त्याची दंतकथा झाली. दोन, हे बाँबर कमांडवाले होते. ट्रेनिंग संपवून ही पोरं काय करणार होती, तर जर्मन शहरांवर बाँब टाकणार होती. हँबुर्गला १९४३ मध्ये आठवडाभरात हजारो बायकापोरं जळाली. या पोरांसाठी टिपं गाळताना ते पण आठवा.

रानवाटा

तात्या, आलात! एकवर: दंतकथा असती तर लोकांनी केली असती, इथे ज्याचा जीव वाचला त्याने स्वतःच्या हयातीत ते डोकं तिथे बसवलंय. त्याला वाटलं कोल्ह्याने वाचवलं, मी कोण नाही म्हणणार. तसंही इथले कोल्हे थंडीत कोंबड्या आणि मेंढ्यांसाठी शेतघरांभोवती घुटमळतात, इकडचा कुठलाही शेतकरी सांगेल, त्यामुळे तर्क काही अगदी वाऱ्यावरचा नव्हता. आणि समजा ठसे भलतीकडे गेले असते तरी त्याच्याकडे दुसरं काय होतं? आपण सह्याद्रीत वाट चुकलो की गुरांची वाट धरतोच ना, गुरं कड्यावरही नेतात कधीकधी.

दोनवर: हँबुर्ग भयानकच होतं, वाद नाही. पण त्या मापाने मोजायचं तर १९३९ मध्ये वॉर्सावर काय पडलं तेही मोजा, ही पोरं तिथनंच पळून आली होती. पुढे त्यांच्या हातून काय घडलं असतं याचा हिशोब मी त्या डोंगरावर मांडू शकत नाही, कारण घडलंच नाही.

तिरकस_तात्या

बरं, पहिला मुद्दा अर्धा मान्य. दुसऱ्यावर आपलं जमणार नाही, सोडून देऊ.

कागलकर

काय लिवलंय भावा, नाद खुळा. मी एकच गोष्ट घालतो यात, पोलिश म्हटल्यावर आम्हा कोल्हापूरवाल्यांचे कान टवकारत्यात. १९४३ ते ४८ आमच्याकडं वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं. आता ते सगळं गांधीनगर झालंय, सिंधी व्यापाऱ्यांची कापडाची बाजारपेठ, पण आज्जा सांगायचा की पंचगंगेच्या अलीकडं गोऱ्या बाया, पोरं, त्यांची शाळा, चर्च, सिनेमा, सगळं होतं. बहुतेक बायकापोरंच, कारण बाप्ये लढायला गेलेले. आज्जा दूध घालायचा तिथं, म्हणायचा की बाया हिशोबाला लय पक्क्या आणि दूध पातळ असलं की पोलिशमधनं शिव्या घालायच्या, त्यातल्या दोनचार त्याला शेवटपर्यंत पाठ होत्या.

तर डोस्क्यात आलं ते असं, रशियानं पकडून सैबेरियाला नेलेली ही माणसं, तिथनं इराणमार्गे काही आपल्याकडं आली आणि त्यातली जी गडीमाणसं होती ती सैन्यात, काही इटलीला, काही इंग्लंडला विमानात. म्हणजे इकडं वळिवड्याला बाई पत्राची वाट बघत बसलेली आणि तिकडं नवरा नाहीतर भाऊ असल्याच कुठल्या ट्रेनिंगमधी. या पाच जणांपैकी कोणाचं कोणी इथं होतं असं म्हणत नाही मी, पण ती एकच माणसं की वो.

इतिहासवेडी

कागलकर, फार चांगली भर. थोडं पुढे जोडते. महावीर गार्डनमध्ये त्या छावणीचं स्मारक आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले तेव्हा बातम्यांत दाखवलं होतं. जामनगरजवळ बालाचडीला पोलिश अनाथ मुलांची छावणी होती ती जामसाहेब दिग्विजयसिंहांमुळे, तिचं नाव जास्त झालं. वळिवडे संख्येने कितीतरी मोठं, पण आपण कोल्हापूरकर जाहिरातीत कमी पडतो.

एक काळाचा तपशील मात्र नीट ठेवूया. ब्रॅमकोटला जानेवारी १९४२ मध्ये असलेले पोलिश वैमानिक बहुतांश १९३९-४० मध्येच रुमानिया-फ्रान्समार्गे आलेले. रशियाच्या छावण्यांतून सुटलेले लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले ते १९४२ मध्ये इराणला, म्हणजे या अपघातानंतर. त्यामुळे वळिवड्याच्या बायकांचे नातेवाईक पुढच्या तुकड्यांत असणं जास्त शक्य. बाकी कागलकरांचं म्हणणं बरोबर, एकाच देशाची विखुरलेली माणसं.

आणि न्यूअर्कबद्दल. तिथे जवळजवळ चारशे पोलिश वैमानिकांच्या कबरी आहेत, कारण आसपास त्यांचे तळ होते. जनरल सिकोर्स्की, म्हणजे लंडनमधल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान, जुलै १९४३ मध्ये जिब्राल्टरला विमान अपघातात गेले, त्यांनाही तिथेच पुरलं, आपल्या वैमानिकांमध्ये. पन्नास वर्षांनी, १९९३ मध्ये, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर त्यांचे अवशेष क्राकोला नेले. सेनापती घरी गेला. आपले हे पाच जण आणि बाकीचे तिथेच आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवा, पोलिश सैनिकांच्या दगडाचा माथा वर टोकदार असतो, ब्रिटिशांचा नुसता वळणदार, त्यामुळे लांबूनच ओळखू येतात.

सायली_कु

वाचलेले परत का नाही गेले पोलंडला? युद्ध तर जिंकलं ना?

इतिहासवेडी

सायली, जिंकलं पण देश रशियाच्या पंज्यात गेला. पूर्वेचा भाग तर सरळ सोव्हिएतमध्येच घालून टाकला, म्हणजे अनेकांचं गावच पोलंडमध्ये उरलं नाही. जे गेले त्यांच्यावर पाश्चात्यांचे हेर म्हणून संशय, काहींना तुरुंग. म्हणून हजारोंनी इंग्लंडातच संसार थाटले.

तिरकस_तात्या

आपल्या पोरांवर कोणी धागा काढतं का? की पोलिशच हवेत?

निवृत्त_नॅव्ही

तात्या, काडी टाकलीत पण प्रश्न बरोबर आहे. युद्धकाळात आपलं हवाई दल अक्षरशः काही विमानांवरून नऊ स्क्वाड्रन्सपर्यंत वाढलं. जोधपूर, बेगमपेटला प्राथमिक उड्डाण, अंबाल्याला पुढचं, मग ओटीयू. घाईत वाढवलेल्या कुठल्याही हवाई दलात जे होतं ते आपल्याकडेही झालं, पोरं गेली. तिकडे बर्फ आणि ढग, इकडे धुळीची वादळं आणि मान्सून. १९४४ च्या शेवटी बंगालात मॉस्किटो विमानांचे पंख हवेतच मोडायला लागले, ती लाकडाची विमानं, सांध्यांच्या चिकटकामात दोष निघाला, सगळी जमिनीवर आणून तपासावी लागली. विमान लाकडाचं असो की धातूचं, आधी शिकाऊ माणूस मरतो आणि मग नियम बनतो.

माझ्या नोकरीतलं सांगतो, स्क्वाड्रनमध्ये कोणी सरावात गेला की त्याचं कपाट कोणी उघडायचं यावर सगळे गप्प बसायचे. शेवटी सगळ्यात ज्युनिअरला पाठवायचे. साबण, दाढीचं सामान, अर्धवट लिहिलेलं पत्र. घरी पाठवण्याआधी ते पत्र वाचायचं की नाही, यावर एकदा दोन अधिकाऱ्यांत जोरात वाजलेलं ऐकलंय मी. 'लढाईत गेला की सरावात' हा फरक त्या कपाटासमोर कोणी करत नाही, रानवाटा. तो फरक पुढे कागदावर होतो, पेन्शनच्या आणि पदकांच्या.

खादाड_बोका

काका...

कडेपठार

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलोय पुष्कळदा, आता पुढच्या वेळी हवाई दलाचा गरुड असलेले दगड नीट वाचीन, तारखा बघून. आत्तापर्यंत नुसता फिरून यायचो.

बोलका_पोपट

वेलिंग्टनचा विषय निघालाच आहे तर स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातलं माहितीये का? तेही ट्रेनिंगचंच. ३१ डिसेंबर १९४०, लॉसीमाउथहून निघालं, नंबर एन २९८०, वाटेत बर्फाची वावटळ आणि एक इंजिन बंद. पायलटने बाकीच्यांना उड्या मारायला सांगितल्या, शेपटीतला गनर सार्जंट फेन्समचं पॅराशूट अडकलं आणि तो गेला, वय अवघं वीस. दोघं पायलट विमान तळ्यात उतरवून डिंगीतनं (रबरी होडीतनं) सुखरूप काठाला. मग १९७६ मध्ये अमेरिकन लोक नेसीला, म्हणजे त्या तळ्यातल्या राक्षसाला, सोनार (पाण्यात आवाजाच्या लहरींनी शोधणारं यंत्र) लावून शोधत होते, आणि राक्षसाऐवजी हे विमान सापडलं. १९८५ मध्ये वर काढलं, आता सरेमध्ये ब्रुकलँड्स म्युझियममध्ये आहे. शेपटीचा दिवा नव्या बॅटरीला जोडला तर पेटला म्हणे!

गंमत म्हणजे हेच विमान १९३९ च्या डिसेंबरमध्ये जर्मन किनाऱ्याजवळच्या हेलिगोलँडच्या प्रसिद्ध हवाई लढाईतून परत आलं होतं, जिथे निम्म्याहून जास्त वेलिंग्टन जर्मनांनी पाडली. तिथनं वाचलं आणि सरावात बुडालं.

रानवाटा

पोपटराव, मस्त भर. बघा म्हणजे, इकडे शेपटीतला एकटा वाचला आणि तिकडे शेपटीतला एकटा गेला. याच्यातनं काही निष्कर्ष काढता येत नाही आणि काढूही नये.

निवृत्त काका, कपाटाचं वाचून थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही. तुम्ही वेगळा धागा काढाच.

मीना_बर्मिंगहॅम

आम्ही मिडलंड्समध्ये राहतो, बकडन पाइकला एका दिवसात जाऊन येता येईल का? मुलगा बारा वर्षांचा आहे, विमानांचं वेड. तुकडे अजून दिसतात का? एखादा छोटा उचलून आणला तर चालतो का त्याला आठवण म्हणून?

रानवाटा

मीनाताई, तुकडे उचलू नका हो. १९८६ चा कायदा आहे, लष्करी विमानांचे अवशेष परवान्याशिवाय हलवणं गुन्हा. फोटो काढू द्या त्याला भरपूर.

वाटेचं सांगतो. गाडी बकडन गावच्या कार पार्कमध्ये लावा, तिथनंच मळलेली वाट वर चढते, आधी झाडीतून, मग उघड्यावर. शिखरावर पोचलात की दगडी भिंतीच्या कडेने दक्षिणेकडे चालत राहा, क्रूस भिंतीजवळच आहे, चुकणार नाही. माथ्यावर दलदल आहे, फरश्या टाकल्यात पण सगळीकडे नाही, त्यामुळे बूट उंच घाला. उतरताना स्टारबॉटनकडून उतरलात तर गोल होतो, तिथनं नदीकाठाने बकडनला परत. मेपासून सप्टेंबरपर्यंत जा, दिवस मोठा असतो. जानेवारीत बारा वर्षांच्या पोराला घेऊन अजिबात नको.

मीना_बर्मिंगहॅम

धन्यवाद! मेमध्ये शाळेला सुट्टी आहे तेव्हाच ठरवते. कुत्रा नेला तर चालेल?

रानवाटा

चालेल, पण पट्टा लावून. मे म्हणजे कोकरांचा सीझन, शेतकरी लोक फार चिडतात. आणि येताना वाट वाकडी करून न्यूअर्कला थांबता आलं तर बघा, ए१ रस्त्यापासून फार आत नाही. कागलकरांसाठी टोकदार दगडांचे फोटो टाका इथे.

कागलकर

टाका टाका, मी आज्जीला दाखवतो. आज्जा गेला, पण शिव्या आज्जीलाबी पाठ हायत.